नवख्यांना शंभरीचे फासेच सोपे

पात्र बनून गोष्ट खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांत वीस बाजूंचा फासा नवख्यांना सगळ्यात सोपा, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. 'डी अँड डी' (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या अशाच खेळाच्या फुकट नियमांत फासा टाका, आलेल्या आकड्यात बोनस जोडा, मग ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहा. आणि १ पडो की २०, प्रत्येकाची शक्यता ५ टक्केच.

सुट्टीत लातूरला भाचरांना 'कॉल ऑफ कथुलू' या भयकथांच्या रोल-प्लेइंग खेळाचे फुकट क्विक-स्टार्ट नियम घेऊन बसवलं. यात शंभरीचे फासे. पात्राचं कौशल्य ६०, म्हणजे ६० किंवा त्याखाली पडलं की जमलं. धाकटीनं ओसरीवर दहा बाजूंचे दोन फासे टाकले, एक दशकाचा, एक एककाचा: ४० आणि ७. मी तोंड उघडायच्या आत ती ओरडली, "सत्तेचाळीस! जमलं मामा!" टक्के शाळेतल्या पोरांना पाठच असतात.

दोन साध्या फाशांची बेरीजही मला फार आवडते. ३६ पैकी ६ वेळा ७, १२ मात्र एकदाच. शिवाय लुडोच्या डब्यातले फासे चालतात.