एसीएलच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी व्हावे का? (सल्ला हवा आहे)

पायरव
नमस्कार. खेळताना पाय मुरगळून माझ्या उजव्या गुडघ्यातील एसीएल (मांडीचे व नडगीचे हाड जोडणारे लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध) पूर्णपणे तुटले असल्याचे नुकतेच एमआरआयमध्ये दिसले. मेनिस्कस (गुडघ्यातील कूर्चेची गादी) शाबूत आहे. शल्यविशारदांनी मला एका ट्रायलविषयी विचारले आहे. तिच्यात निम्म्या रुग्णांवर लवकर शस्त्रक्रिया होणार आहे. उरलेल्यांकडून आधी तीन महिने व्यायाम करून घेतला जाईल आणि त्यानंतरही गुडघा निसटत राहिला, तरच त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली जाईल. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे संगणक ठरवेल. माझ्या दोन अडचणी आहेत: तीन आठवड्यांहून अधिक रजा मिळणार नाही आणि स्पर्धात्मक खेळात परतण्याची मला इच्छा नाही. या मर्यादेत ट्रायलला होकार द्यावा का, एवढेच विचारायचे आहे. कोणती शस्त्रक्रिया चांगली, हा प्रश्न नाही.

गोलरक्षक
शस्त्रक्रियाच करून घ्या, आणि तीही हॅमस्ट्रिंग ग्राफ्टबरोबर (मांडीच्या मागचा कंडरा काढून एसीएलच्या जागी बसवणे) गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने टेनोडेसिसची (पट्टीने जादा आधार देण्याची) जोड देऊन. माझी तशीच झाली आहे आणि आज मी पूर्वीपेक्षा उंच उडी मारतो. याला पुरावाही आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅबिलिटी ट्रायलमध्ये ६१८ रुग्ण होते. नुसत्या हॅमस्ट्रिंग ग्राफ्टच्या गटात दोन वर्षांत ११ टक्के ग्राफ्ट फाटले, तर टेनोडेसिस केलेल्या गटात ४ टक्के. एवढा फरक दिसत असताना ट्रायलमध्ये नशीब कशाला आजमावायचे?

मनमोकळी
शस्त्रक्रियेची घाई मुळीच करू नका. ऑस्ट्रेलियात काही डॉक्टर गुडघा ९० अंशांत वाकवून चार आठवडे ब्रेसमध्ये (आधारपट्ट्यात) ठेवतात, मग हळूहळू मोकळा करत बाराव्या आठवड्याला ब्रेस काढतात. २०२३ मध्ये त्यांनी ८० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि तीन महिन्यांनंतर त्यांतील ९० टक्के रुग्णांच्या एमआरआयमध्ये लिगामेंट पुन्हा सांधलेले दिसले. मीही हेच केले. पहिले काही आठवडे कुबड्यांवर काढावे लागतात आणि पाय खाली टेकवता येत नाही म्हणून आंघोळीपासून सगळ्यालाच दुसऱ्याची मदत लागते, पण माझा गुडघा आता माझाच आहे, त्यात उसने काही नाही.

आकडेमोड
गोलरक्षक यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, परंतु ते या प्रश्नाला लागू होत नाहीत. त्या अभ्यासातील रुग्ण १४ ते २५ वर्षांचे होते आणि ग्राफ्ट फाटण्याचा धोका ज्यांना अधिक, अशांचीच निवड झाली होती. शिवाय दोन्ही गटांवर शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे शस्त्रक्रिया करावी की नाही, याचे उत्तर त्यातून मिळतच नाही. मनमोकळी यांनी सांगितलेल्या ८० रुग्णांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. एमआरआयमध्ये सांधलेले दिसणारे लिगामेंट पुढे किती ताण सोसते, हा वेगळा प्रश्न आहे. चार आठवडे पाय वाकवून ठेवल्यास रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तोही विसरू नये.

विचारलेल्या प्रश्नाच्या जवळ जाणारे अभ्यास तीन आहेत. स्वीडनमधील कॅनॉन ट्रायल २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १२१ तरुण रुग्ण होते आणि लवकर शस्त्रक्रिया झालेला गट व आधी व्यायाम करून गरज पडल्यासच शस्त्रक्रिया होणारा गट, यांच्यात दोन वर्षांनी रुग्णांनी आपल्या गुडघ्याला स्वतः दिलेल्या गुणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. व्यायामाच्या गटातील ५९ पैकी २३ जणांनी दोन वर्षांच्या आत शस्त्रक्रिया करून घेतली होती. पाच वर्षांनी हा आकडा ३० झाला. नेदरलँड्समध्ये १६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कम्पेअर ट्रायलमध्ये लवकर शस्त्रक्रियेचे पारडे किंचित जड ठरले, पण तो फरक रुग्णाला जाणवेल इतका मोठा आहे का, याविषयी संशोधकांनाच शंका होती. याउलट २०२२ मध्ये आलेल्या ब्रिटनमधील स्नॅप ट्रायलमध्ये ३१६ रुग्ण होते आणि तेथे शस्त्रक्रिया सरस ठरली. मात्र त्या रुग्णांची दुखापत जुनी होती आणि गुडघा निसटण्याचा त्रास त्यांना आधीपासूनच होत होता. आपली दुखापत ताजी आहे, म्हणून पहिले दोन अभ्यास आपल्याला अधिक जवळचे. तेव्हा ट्रायलच्या बाहेर राहून आधी व्यायाम करावा, असे माझे मत आहे.

स्पष्टवक्ता
उपचार संगणकाने ठरवायचा, हेच मुळात मला पटत नाही. डॉक्टरांना योग्य काय ते माहीत असेल तर त्यांनी तसे सांगावे, आणि माहीत नसेल तर शुल्क कसले घेतात? आमच्या ओळखीतील एकाला अशाच कुठल्याशा अभ्यासात घेतले आणि नंतर त्याचे निष्कर्ष काय निघाले, हे कळवण्याचे सौजन्यही कोणी दाखवले नाही.

फिजिओ_होऊ_घातलेला
स्पष्टवक्ता, दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे खरोखरच ठाऊक नसते, तेव्हाच अशी विभागणी नीतीला धरून असते. शस्त्रक्रियेकडे ओढा असलेले शल्यविशारद आणि व्यायामावर भिस्त असलेले फिजिओ यांनी आपापल्या मनाप्रमाणे रुग्ण निवडले, तर निष्कर्षाला अर्थ उरणार नाही. शिवाय संमतिपत्रावर सही केल्यानंतरही कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात खंड पडता कामा नये. ट्रायलची नोंद सार्वजनिक नोंदणीत पाहावी आणि निकाल कशावरून ठरवणार तो मुख्य निकष आधीच जाहीर केला आहे का, हे तपासावे. पण केवळ नोंद आहे म्हणून कोणी त्या अभ्यासाची हमी घेतली आहे, असे समजू नये.

निवांत
मी अशा अभ्यासात व्यायामाच्या गटात होते. जास्त त्रास व्यायामाचा नव्हे, प्रश्नावलीचा झाला. कूस नावाच्या त्या प्रश्नावलीत ४२ प्रश्न असतात आणि जिना उतरताना किती दुखते, उकिडवे बसता येते का, गुडघ्याला अपाय होऊ नये म्हणून जगण्याची पद्धत बदलली का, हे दर भेटीला नव्याने विचारतात. व्यायाम म्हणाल तर सुरुवातीला गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा आणि टाच किंचित उचलायची. दिसायला क्षुल्लक, पण सूज असताना स्नायू आपले ऐकतच नाही.

सही करण्यापूर्वी हे जरूर विचारा: व्यायामाच्या गटात गेल्यावर पुढे शस्त्रक्रिया लागली तर ती कोण करणार, किती थांबावे लागणार आणि तिचा खर्च कोण देणार; ट्रायलसाठीच्या जादा एमआरआयचा भार कोणावर; आणि ट्रायलमुळेच काही इजा झाली तर भरपाई कशी मिळणार. माझ्या वेळी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत बरेच फोन करावे लागले. एवढे सगळे सांभाळून रजाही कमी असेल, तर या भानगडीत न पडलेले बरे.

गोलरक्षक
मी पुन्हा सांगतो, शस्त्रक्रिया करून घ्या आणि नंतर नऊ महिने खेळायला उतरू नका. नॉर्वे आणि अमेरिकेतील रुग्णांच्या २०१६ सालच्या एका अभ्यासानुसार नवव्या महिन्यापर्यंत जितके थांबाल, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्याला ५१ टक्क्यांनी कमी होतो.

आकडेमोड
त्यांना खेळात परतायचेच नाही, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. आणि तो निरीक्षणात्मक अभ्यास आहे (रुग्णांची गटांत विभागणी न करता नुसती नोंद ठेवलेली), ट्रायल नव्हे.

पायरव
सर्वांचे आभार. निवांत यांचे प्रश्न मी जसेच्या तसे ट्रायलच्या समन्वयकांपुढे ठेवले. नंतर शस्त्रक्रिया लागल्यास तीच तुकडी करील आणि त्यासाठी नव्याने रांगेत थांबावे लागणार नाही, इजेच्या भरपाईची तरतूद संमतिपत्रात आहे आणि प्रश्नावली घरबसल्या भरता येईल, अशी लेखी उत्तरे मिळाली. इथे बहुतेकांनी ट्रायलमध्ये जाऊ नका, असेच सांगितले. तरीही मी सही केली आहे. आकडेमोड यांचे तिन्ही अभ्यास वाचल्यावर दोन्हींपैकी कोणत्याही गटाकडे माझे मन झुकेना. शस्त्रक्रियेच्या गटात गेल्यास बैठ्या कामावर तीन आठवड्यांत परतता येईल, असे शल्यविशारद म्हणाले, त्यामुळे रजेचाही प्रश्न उरला नाही. गट कोणता ते सोमवारी कळेल.

मनमोकळी
सोमवारपर्यंत वेळ आहे, तर ब्रेसविषयी निदान एकदा विचारून पाहा.

पायरव
विचारले होते. या ट्रायलमध्ये तो गट नाही.