आग खाली, धूर मात्र आधी वरच्या माळ्यावर

वर एका भाऊंनी लिहिलं की आग तळमजल्यावर लागली तर तिसऱ्या माळ्यावरच्या लोकायले पळायला भरपूर वेळ भेटते. भाऊ, उलटंच होते. गरम धूर हलका, आधी छताला लागते, पसरत पसरत जिना सापडला की सरळ वर चढते, आणि गच्चीचं दार बंद असलं की वरच्या माळ्यावर साचून खाली भरत येते, म्हणजे आगीपासून लांबचा माणूसच आधी गुदमरू शकते. २०१२ मध्ये ढाक्याजवळ ताजरीन फॅशन्सच्या बहुमजली कारखान्यात सूत-कापडाचा साठा तळमजल्यावर, आग तिथंच, अन् जिनेही तिथंच उतरणारे. १०० च्या वर कामगार गेले.

आता आपल्या इकडची दालमिल घ्या. एलिव्हेटर, म्हणजे दाणे वर चढवणारा बादल्यांचा पट्टा, स्लॅब फोडून खालून वरपर्यंत नेलेला, त्याच्या भोवती पंजा जाईल एवढी फट, अन् त्या फटीत कोंबलेला काय तर जुना बारदाना! तोच आधी पेट घेईल. ती फट अन् केबलची भोकं सिमेंटनं नाहीतर आग न धरणाऱ्या मसाल्यानं बुजवा ना बाप्पा, खर्च फार नाही. हवा येते म्हणून जिन्याचं दार पोतं लावून उघडं ठेवतात, ते तर लगेच बंद करा, आपोआप लागणारं दार बसवा, अन् एक जिना बाहेरून पाहिजेच.

धुरात सापडलात तर उभ्यानं धावू नका, जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते, भिंत धरून वाकून निघा. लिफ्टकडं जाऊच नका, धूर तिच्या खड्ड्यातूनही वर येते.