आसन ‘घालायचं’ की ‘करायचं’?

अनगोळकर: योग दिनाच्या (२१ जून) एका कन्नड पत्रकाचं मराठी करतोय. ‘सपाट जागी आसन घालून पाठ ताठ ठेवा’ असं लिहिलं, तर शेजारच्या काकू विचारतात, सतरंजी घालायची की मांडी? आमच्या घरी पूजेच्या वेळी ‘आसन घाल’ म्हटलं की लोकरीचं बसकर अंथरतात. मग व्यायामाच्या आसनाला ‘करा’ लिहू का?

खानापूरची: पद्मासन घालतात, मांडी घालतो तसंच. ताडासन घातलं असं मी कधी ऐकलं नाही. बसून होतं ते घालायचं, उभ्यानं होतं ते करायचं. आजी म्हणायची, ‘काय करूलालीस गं, आसन घाल की,’ तेव्हा पाटच मांडायचा असायचा.

निपाणीकर: मग सूर्यनमस्कार? उभ्यानंच सुरू होतात आणि आपण ते घालतोच. तालमीत जोर काढतात, बैठका मारतात, नमस्कार घालतात. यात कसला नियम शोधता?

शहापूर पेठ: मला ताडासनाला आसन म्हणणंच खटकतं. ‘आस्’ म्हणजे बसणे. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या ‘स्थिरसुखमासनम्’ (स्थिर आणि सुखाचं ते आसन) या सूत्रावरच्या व्यासभाष्यातली, म्हणजे जुन्या टीकेतली नावं बघा: पद्मासन, वीरासन, भद्रासन, शिवाय क्रौंचनिषदन, हस्तिनिषदन, उष्ट्रनिषदन. निषदन म्हणजेही बसणंच. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर आसन म्हणजे सरळ बैठक आहे: दर्भ, त्यावर मृगाजिन (हरणाचं कातडं), त्यावर वस्त्र, फार उंच नाही, फार खाली नाही. उभ्यानं करायच्या प्रकारांना वेगळा शब्द हवा.

निपाणीकर: हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत बघा: हठप्रदीपिकेतल्या १५ आसनांत हातांवर तोलायचं मयूरासन आहे, पडून करायचं शवासन आहे. घेरंडसंहितेच्या ३२ मध्ये एका पायावरचं वृक्षासन आहे. शब्द धातूपासून केव्हाच पुढे गेला. आमची मुलं ‘पोझ’ म्हणतात, तेही चालेल मला.

हिंडलगा (वर्ग घेते): पोझ मला चालत नाही, आणि ते शुद्ध मराठीच्या हट्टापायी नव्हे. पोझ बघणाऱ्यासाठी असते. ‘स्थिरसुखमासनम्’च्या पुढच्याच सूत्रात ‘प्रयत्नशैथिल्य’ आहे, म्हणजे जोर सैल सोडणं. वीरभद्रासनात बायका दात आवळून उभ्या राहतात, तेव्हा मी सांगते, श्वास मोकळा होईपर्यंत आसन झालेलं नाही. बेल्लूरला जन्मून पुण्यात शिकवलेल्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी ठोकळे, पट्टे वापरले ते याचसाठी. व्यासभाष्यातलं ‘सोपाश्रय’ म्हणजे तरी काय? आधार घेऊन बसणं. वर्गात कन्नड बायकांना ‘कूडरी’ म्हणते, मराठी बायकांना ‘बसा’. ‘आसन’ दोघींना न सांगता कळतं.

शहापूर पेठ: कळतं म्हणून नेमकं होत नाही. ‘वज्रासन’ घ्या. आज जेवल्यावर गुडघे मोडून बसतो ते वज्रासन. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मात्र टाचेनं मूळबंध (गुदाजवळचा भाग आवळणं) बांधायची रीत सांगून तिलाच वज्रासन हे नाव दिलंय.

खानापूरची: म्हणजे माउलींचं वज्रासन सिद्धासनाच्या जवळचं?

शहापूर पेठ: हो. सिद्धासनालाच काहीजण वज्रासन म्हणतात, असं हठप्रदीपिकेतही आहे.

हिंडलगा: तरी जेवणानंतर मी वज्रासनच सांगणार. गुडघे मोडून बसायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

अनगोळकर: पत्रक सोमवारी छपाईला जातंय. ‘घालून’ ठेवू का?

निपाणीकर: आमचा शिंपी विजारीच्या दोन पायांमधल्या भागालाही आसन म्हणतो, ‘आसनात तंग झाली’ असं. हा अर्थ बसण्यावरूनच आला असेल, की घोड्यावरच्या मांडीवरून?