घरच्यांनी तुमच्यासाठी काय सोडलं, हे तुम्हाला कधी आणि कसं कळलं?

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो, बार्शीकडं. आई मांडणीवरचे डबे खाली काढून घासत होती, मला म्हणाली फळ्यांवरचे कागद बदल. सगळे कागद तेलकट, तांबूस पडलेले. तूरडाळीच्या डब्याखालचा कागद जरा जाड लागला म्हणून उलटा करून पाहिला. डी. फार्मसीच्या कॅप राउंडचं, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचं, अलॉटमेंट लेटर होतं, जागा मिळाल्याचं पत्र. वर नाव माझ्या धाकट्या बहिणीचं, साल 2021.

मला घरी सांगितलं होतं की तिचा नंबर लागला नाही, म्हणून बी. ए.ला घातली.

मी 2019 पासून पुण्यात शास्त्री रस्त्यावर, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 2021 मध्ये 14 मार्चला होती आणि तीन दिवस आधी ती पुढं ढकलल्याची बातमी आली. आम्ही हजारो पोरं त्या दिवशी रस्त्यावर बसलो होतो. परीक्षा लगेच 21 तारखेला झालीही, पण त्या रात्री मी वैतागून घरी फोन केला होता की, आता सगळंच लांबणार, अजून दोन वर्षं तरी धरून चाला. दादा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ मला मांडणीपुढं उभं राहून कळला. कॉटचं भाडं, दोन वेळची मेस, अभ्यासिका मिळून माझे महिन्याला नऊ हजार जायचे. तिची वर्षाची फी म्हणजे माझं सात महिन्यांचं पुणं होतं.

त्या दिवशी मी कुणाला काहीच बोललो नाही. नवीन कागद अंथरला, डबे लावले आणि ते पत्र खिशात घालून पुण्याला आलो.

आल्यावर पहिलं काम केलं ते नोकरी धरण्याचं. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यामुळे क्लासवाल्यांना उत्तरं तपासायला माणसं लागतात. संध्याकाळी चार तास तेच करतो. उपजिल्हाधिकारी व्हायचं ठरवलंय ते ठरलेलंच आहे, पण आता पहिल्या रांगेत तिची फी आणि दुसऱ्या रांगेत माझी टेस्ट सिरीज. यंदा तिनं पुन्हा फॉर्म भरला आणि तिचा नंबर लागला.

आपण सगळे 'आईवडिलांचे उपकार' म्हणतो. बहिणींचे कोण म्हणतं? तुम्हाला असं काही कळलं असेल तर लिहा. कळल्यानंतर पुढं काय करायचं ठरवलंत, तेही लिहा.

*

बिबवेवाडी

माझे पप्पा मार्केट यार्डात हमाल, भुसार विभागात. सुरुवातीला शंभर किलोचं पोतं वाहायचे, नंतर पन्नासचे कट्टे आले. कळायचा असा एक दिवस माझ्या बाबतीत आलाच नाही, कारण ते सगळं डोळ्यांसमोरच होतं. पण दिसत असूनही पाहिलं नव्हतं असं म्हणेन. लॉकडाऊनमध्ये सलून बंद होती तेव्हा त्यांचे केस मी कापले. मानेच्या खाली, खांद्याच्या जरा वर, लिंबाएवढा घट्टा. कात्री तिथं अडली. मी विचारलं, दुखतं का? म्हणाले, "तिथलं काहीच कळत नाही, बिनधास्त काप."

मी तेव्हा सीए फाउंडेशनला बसले होते. आता आर्टिकलशिप चालू आहे, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण. आधी एकच स्वप्न होतं, मोठी फर्म, काचेची बिल्डिंग, पप्पांना तिथं नेऊन कॉफी पाजायची. ते अजूनही आहे, खोटं कशाला सांगू. पण आता दुसरंही एक काम आहे. हमालांसाठीचा माथाडी कायदा 1969 चा. त्यामुळं हमालाची मजुरी माथाडी बोर्डात जमा होते आणि मालकांनी मजुरीवर भरलेल्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी मिळते. त्याच्या नोंदी आमच्या आळीतल्या निम्म्या काकांना वाचता येत नाहीत. पासबुक घडी करून घडी करून फाटलेलं असतं. रविवारी सकाळी मी आमच्या ओट्यावर बसते आणि ज्याला हवं त्याला वाचून देते. दोन काकांच्या नावातली चूक निघाली, अर्ज केल्यावर दुरुस्तही झाली. त्यातल्या एकांनी मला 'कष्टाची भाकर'मधून झुणका-भाकर आणून दिली. 1974 पासून हमाल पंचायत ते केंद्र चालवते, पप्पा दुपारचं तिथंच जेवतात. घरचा डबा नको म्हणायचे, आईला पहाटे उठावं लागू नये म्हणून. हे मला आईकडून कळलं, त्यांच्याकडून नाही.

बहिणींचं लिहिलंत ते बरं केलंत.

*

धनकवडी

माझ्या आईनं मला किडनी दिली. मी 22 चा होतो, ती 49 ची.

ऑपरेशनची गोष्ट नाही सांगत, ती सगळ्यांची सारखीच असते. त्याआधीची सांगतो. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यामुळं देणाऱ्याला एकटं बसवून विचारतात, कुणाचा दबाव आहे का, पैशाचा व्यवहार आहे का. त्याचं चित्रीकरणही होतं. आई नऊवारीत गेली होती, लग्नाला निघाल्यासारखी. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय विचारलं गं? म्हणाली, "मी त्यांनाच सांगितलं, पोराला फार विचारू नका, तो नको म्हणेल." आणि खरंच, मी नको म्हणणार होतो. आदल्या रात्री पाठही केलं होतं.

आता रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊला गोळ्या. शरीरानं तिची किडनी परकी समजून झिडकारू नये म्हणून त्या जन्मभर घ्यायच्या असतात. मोबाइलला गजर लावलाय. पहिलं वर्षभर गजर वाजला की मला ओझं वाटायचं, आपण हिचे देणेकरी आहोत असं. एकदा डोस चुकवला, मुद्दाम नाही, मित्रांबरोबर होतो म्हणून. रक्तातलं क्रिएटिनिन, जे किडनी बिघडली की वाढतं, ते वाढलं नाही, पण आई दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून मी तो गजर तिच्यासाठी पाळतो. फेडायचं वगैरे डोक्यात येत नाही. तिनं दिलेली वस्तू नीट सांभाळायची, एवढं माझं काम.

ध्येय म्हणाल तर पूर्वी मर्चंट नेव्ही होतं. ते गेलं. वाईट वाटलं, अजून कधीकधी वाटतं. सध्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. मार्चमध्ये आम्ही दोघं सिंहगड चढलो, आतकरवाडीच्या वाटेनं. ती माझ्यापुढं होती. वर जाऊन तिनं दही घेतलं, मडक्यातलं, आणि दोन चमचे मागितले.

*

कोथरूड

इथं सगळ्यांनी लपवलेला त्याग लिहिलाय. आमच्याकडे तो लपवलेला नव्हता, रोज ऐकवला जायचा. बाबा बँकेत. अधिकारी झालं की बढतीबरोबर बदली येते, आणि माझी शाळा सुटू नये म्हणून त्यांनी बढती तीनदा नाकारली. हे मला इयत्ता चौथीपासून माहीत आहे. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी म्हणाले की मला हे जमत नाहीये, मला भाषाशास्त्र शिकायचंय, तेव्हा त्यांनी तीन गावांची नावं घेतली, जिथं ते गेले नाहीत. नांदेड, रायपूर, भोपाळ. एकामागून एक.

मी पदवी पूर्ण केली. नोकरी करते. भाषाशास्त्राच्या एम. ए.साठी पैसे साठवतेय, अजून आठ महिने लागतील.

बाबांनी जे केलं ते खरंच मोठं होतं. त्यांच्याबरोबरचे लोक आज कुठे पोचलेत ते मी पाहते आणि मला पोटात तुटतं. पण ते ऐकल्यावर दरवेळी माझ्या तोंडून आभार निघायचे थांबले, हेही खरं आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदवायच्या ते मला समजलेलं नाही. कुणाला जमलं असेल तर कृपया सांगा, मनापासून विचारतेय.

*

कर्वेनगर, वसतिगृह

वरच्या कोथरूडच्या ताईंना उत्तर देण्याइतकी मी मोठी नाही. पण एक सांगावंसं वाटलं. मला वडील नाहीत, आई परभणीकडे शेतमजुरी करते. मी इथं राहू शकते याचं कारण असे लोक, ज्यांना मी कधी पाहिलंच नाही. आमच्या आवारात अण्णांची, म्हणजे महर्षी कर्व्यांची, झोपडी जपून ठेवलीये. 1900 साली त्यांचा विधवांसाठीचा आश्रम इथं हिंगण्याला आला तेव्हा सगळा माळ होता. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि तिथून इथवर चालत यायचे, मुलींसाठी लागणारं सामान घेऊन. मी एकदा ते अंतर चालून पाहिलं. डेक्कनपासून कर्वे रस्त्यानंच आले, हातात पाच किलो तांदूळ घेऊन, मुद्दाम. नळस्टॉपला पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पौड फाट्याला खाली ठेवली.

ते अंतर ज्यांनी माझ्यासाठी चाललं त्यांनी मला ऐकवलं नाही, कारण त्यांना मी माहीतच नव्हते. म्हणून असेल, पण मला आभार मानताना कधी दडपण येत नाही. मी बी. एड. करणार आहे. परभणीलाच परत जाऊन.

*

वारजे

माझं थोडक्यात. मोठ्या भावानं दहावीनंतर गॅरेज धरलं, मी शिकलो. त्याच्या हातांचा ग्रीसचा वास मला लहानपणी आवडायचा नाही, मी ताट बाजूला ओढायचो. तो काही बोलायचा नाही, उठून परत हात धुऊन यायचा. एवढंच लिहायचं होतं.

*

शास्त्री रस्ता (धागा मीच काढला होता)

सगळे वाचले. वारज्याच्या दादांचा दोनदा वाचला. कोथरूडच्या ताई, मला उत्तर येत नाही, पण तुमचे आठ महिने लवकर सरोत.

काल बहिणीला हा धागा वाचून दाखवला, फोनवर. तिनं मध्येच थांबवलं. म्हणाली, दादा, ते पत्र मी नव्हतं अंथरलं. तिनं ते तिच्या पेटीत साड्यांच्या खाली ठेवलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आईनं पेटी आवरली, आईला इंग्रजी वाचता येत नाही. कागद जाड दिसला, डब्याखाली बरा म्हणून घेतला. बहिणीला आठ दिवसांनी दिसलं, तेव्हा त्यावर डबा ठेवून झाला होता. मग तिनं तो तसाच राहू दिला.

पत्र माझ्याकडं आहे म्हटल्यावर तिनं विचारलं, तेलाचे डाग पडलेत का फार. पडलेत म्हटलं. "असू दे," म्हणाली, "येताना घेऊन ये."