लंपनचं 'पंखा' वाचू का? उघडायचं धाडस होईना

कृष्णाकाठ_सांगली:
नववीत असताना वाचनालयातून प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' आणलेलं, मग लगेच 'शारदा संगीत' पण. त्या वर्षी वर्गातली एक मुलगी मला आवडायची आणि छातीत काय होतंय ते कुणाला सांगताच यायचं नाही, आणि ह्या पुस्तकांतला पोरगा लंपन त्याची मैत्रीण सुमी दिसली की नेमकं तेच सांगत होता. लंपनचंच पुढचं पुस्तक 'पंखा' नंतर विकत घेतलं, वाचायचं राहिलं, आणि २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा खालच्या कप्प्यातली सगळी पुस्तकं गेली त्यात ते पण गेलं. आता परत मागवलंय. मी ३४ चा झालो. चार दिवस टेबलावर आहे पण भीती वाटते की लंपन मोठा झाला की ते सगळं संपणार. सुमीचं पुढं काय होतं ते प्लीज सांगू नका, फक्त वाचू का ते सांगा.

कोयनेचा_कराडकर:
वाचा दादा. संत आमच्या कराडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, आणि मला कायम वाटतं की दगडातले थर बघायची सवय असलेल्या माणसालाच असा पोरगा लिहिता येतो, वरून नुसता हुंदडतोय आणि आत थरावर थर. तसे हे कथासंग्रह आहेत, 'वनवास' १९९४ चं आणि 'पंखा' २००१ चं, पण पोरगा तोच, आईबाबांपासून लांब आजी-आजोबांकडं राहणारा, म्हणून सलग कादंबरीच वाटते. क्रम मात्र मोडू नका. आधीची दोन परत वाचून मगच हे घ्या.

साताऱ्याची_वाचक:
माझं थोडं वेगळं आहे. फक्त सुमीसाठी वाचणार असाल तर रुखरुख राहील बघा. माझी मुलगी दहावीत आहे, २०२४ ला वेबसिरीज आली ती बघून तिनं पुस्तक मागितलं, आणि दोन दिवसांनी म्हणते आई ह्याला स्वतःलाच कळत नाही काय वाटतंय ते, सारखं मॅडसारखं मॅडसारखं करतो. मला भरूनच आलं, कारण त्या वयात आपल्याकडं तरी दुसरा कुठला शब्द होता? प्रेमापेक्षा पण हे न कळणंच मला जास्त खरं वाटतं. आणि लंपनला सुमीसारखीच आजी लागते, गाणं लागतं, मित्र लागतात, ते सगळं मिळून तो घडतो.

मिरजवाला:
मोठ्यानं वाचा एकदा. ती कानडी वळणाची बोली आमच्याकडं रोज कानावर असते, वाचताना आमची आज्जीच बोलतीय असं वाटतं.

कृष्णाकाठ_सांगली:
कराडकर, तुमचं ऐकलं. काल रात्री 'वनवास' परत काढलं, मोठ्यानंच वाचत होतो तर आई येऊन बसली, दोन कथा झाल्या तरी उठली नाही. 'पंखा' तिनंच उचलून सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवलंय.