आवाज मोजायचं मीटर शॉपमध्येच का नको? (हिंगणा एमआयडीसीतून)

हिंगणा_सेफ्टी

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या (लोखंड कापून-जोडून वस्तू बनवायच्या) एका शॉपमध्ये मी सेफ्टी बघतो. माझं म्हणणं सरळ आहे. साउंड लेव्हल मीटर, म्हणजे आवाज मोजायचं हातातलं यंत्र, शॉपमध्येच असलं पाहिजे आणि प्रत्येक शिफ्टमधल्या दोघा-तिघांना ते चालवता आलं पाहिजे. वर्षातून एकदा बाहेरचा माणूस येऊन कागद देऊन जातो, त्याला मी मोजणी मानत नाही.

मागच्या डिसेंबरात आमच्याकडे अशीच मोजणी झाली. आलेला मुलगा मधल्या रस्त्यावर पिवळ्या पट्ट्यांच्या आत उभा राहिला, मीटर छातीशी धरलं, अर्धा मिनिट थांबला आणि पुढे गेला. रिपोर्टात आलं: ग्राइंडिंग विभाग, ८६ डीबीए (माणसाच्या कानाच्या हिशेबानं मोजलेले डेसिबल). मर्यादा ९० ची, म्हणजे सगळं ठीक. फाईल कपाटात.

फेब्रुवारीत मी मागे लागून एक क्लास २ चं मीटर मागवून घेतलं (अचूकतेत क्लास १ च्या खालचं). ए वेटिंग (तोच कानाचा हिशेब), स्लो (आकडा संथ सरकतो ती सेटिंग), आणि माइक ग्राइंडर चालवणाऱ्या पोराच्या कानापासून वीतभर अंतरावर. डिस्क लोखंडाला लागली की ९७. डिस्क उचलून जॉब फिरवायला घेतला की ८४. मग मुद्दाम मधल्या रस्त्यावर जाऊन पाहिलं, तर तिथे खरंच ८६-८७ येत होतं. त्या मुलाचं मीटर खोटं नव्हतं, त्यानं रस्त्याचा आवाज मोजला होता. पण रस्त्यावर आठ तास कोण उभं राहतं?

१९४८ च्या कारखाने कायद्याखालच्या आदर्श नियमांत तक्ता आहे: ९० ला ८ तास, ९५ ला ४, ९७ ला ३, १०० ला २, ११५ ला पाव तास, त्याच्या वर अजिबात नाही. आमचं पोरगं दिवसातले चार तास प्रत्यक्ष डिस्क लावून असतं. ९७ आणि ८४ ची सरासरी काढली तरी ९०.५ येते, म्हणजे मर्यादेच्या वरच. वय त्याचं तेवीस. इअरप्लग दिले आहेत, पण क्रेनवाल्यानं हाक मारलेली ऐकू यावी म्हणून तो एका कानातला काढून ठेवतो, आणि त्यात मला त्याची चूक दिसत नाही.

हे कळायला मला फक्त रस्ता सोडून मशीनपाशी जावं लागलं. तेवढं आमचा चार्जहँडही, म्हणजे कामगारांचा मुकादमही, करू शकतो. कोणाचा विरोध असेल तर कारणासकट लिहा.

कॅलिब्रेशन_बेंच

माझा विरोध आहे, आणि कारण तुमच्याच पोस्टमध्ये आहे. डेसिबलची सरासरी अशी काढत नाहीत भाऊ. हा लॉगचा आकडा आहे, ऊर्जेच्या पटीवर चालतो, सरळ बेरजेवर नाही. चार तास ९७ आणि चार तास ८४ असेल तर आठ तासांची समतुल्य पातळी ९४.२ येते, ९०.५ नव्हे. आवाजाच्या ऊर्जेत दुपटीहून जास्त फरक झाला. तुम्ही त्या पोराच्या बाजूनं उभे होतात आणि तुमच्याच हातून त्याचा धोका कमी लिहिला गेला. तुमच्या तक्त्यानं जायचं तर सरासरी लागतच नाही: ९७ ला ३ तासांची मुभा, तो ४ तास असतो, ४ भागिले ३, म्हणजे मर्यादेपेक्षा एक तृतीयांश जास्त. एवढंच लिहायचं.

आता मीटरकडे या. मोजणीच्या आधी कॅलिब्रेटर लावला होता का? माइकवर टोपीसारखा बसवायचा, १००० हर्ट्झला ९४ डेसिबल द्यायचे आणि मीटर तेवढेच दाखवतं का ते पाहायचं. मोजणी संपली की पुन्हा तेच. दोन वेळच्या वाचनात अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक निघाला तर मधली सगळी वाचनं सोडून द्यायची. तुमच्या पोस्टमध्ये कॅलिब्रेटरचा शब्दही नाही.

आणि आपल्या गावाची एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. साउंड लेव्हल मीटरच्या आयईसी ६१६७२ या आंतरराष्ट्रीय मानकात क्लास २ च्या मीटरची हमी ० ते ४० अंश तापमानापुरती आहे, क्लास १ ची उणे १० ते ५० पर्यंत. मे महिन्यात नागपुरात बाहेरच ४५ असतं, पत्र्याच्या शेडखाली काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्यात उन्हाळ्यात शॉपमध्ये मोठे कूलर लागतात. कूलरचा वारा थेट माइकवर आला की आकडा उगाच चढतो, फोमचा गोळा बसवल्याशिवाय मोजायचंच नाही. कूलरचा स्वतःचा आवाज असतो तो वेगळाच. डिसेंबरचा आकडा मे महिन्याला लागू नाही, तुमच्या फेब्रुवारीचाही नाही.

राहिली पॉवर प्रेस, ठोका मारून पत्र्याला आकार देणारं मशीन. स्लोवर मीटर एका सेकंदाच्या हिशेबानं धावतं, फास्टवर १२५ मिलिसेकंदांच्या. प्रेसचा ठोका त्याहून कितीतरी लवकर येऊन जातो. स्लोवर ९२ दिसलं म्हणून निश्चिंत व्हाल आणि सी-पीक, म्हणजे ठोक्याचा क्षणभराचा उच्चांक, पाहिलं तर १३० निघेल. त्याच नियमांत ठोक्यांचा वेगळा तक्ता आहे: १४० ला दिवसाचे १०० ठोके, १३० ला १०००. मिनिटाला ४० ठोके मारणारी प्रेस १००० ठोके २५ मिनिटांत संपवते. तुमच्या मीटरवर सी-पीक आहे?

चुकीचा आकडा रजिस्टरला लागला की तोच खरा ठरतो. मालक त्यावर निर्धास्त होतो. म्हणून शिकलेल्या माणसानंच मोजावं, आणि जो कामगार जागा बदलत फिरतो त्याच्या खांद्यावर दिवसभर डोसिमीटर, म्हणजे त्याला मिळालेला एकूण आवाज मोजणारं छोटं यंत्र, लावावा.

जुना_प्रेसवाला

मी बत्तीस वर्षं प्रेसवर होतो जी. तुमी दोघंबी मीटरच्या क्लासच्या गोष्टी करून रायले, मी एक सांगतो. आमच्याकडे मोजणीवाला याचा असला का आदल्या दिवशीच खबर लागे. त्या दिवशी मोठ्या प्रेसची डाय, म्हंजे ठोक्याचा साचा, बदलाले काढत. बाकीच्या दोन हलक्या जॉबवर. मोजणीवाला ये, आकडा घे, चहा पेये, चालला जाये. तो गेटाबाहेर गेला का मोठी प्रेस सुरू.

आता घरी नात बोलते तं मले आवाज येते, शब्द येत नाही. 'स' अन् 'ट' तं ऐकूच येत नाही. साठ म्हनलं का आठ हे समजत नाही. भाजी आनाले जातो तं भाव दोनदा इचारा लागते.

मीटर लई चांगल्या क्लासचं राह्यलं असतं, मोजनारा लई शिकलेला राह्यला असता, तरी काय झालं असतं? मशीनच बंद होती. पन मीटर शॉपातच राह्यलं असतं तं रोज मशीन कोन बंद ठेवली असती?

बुटीबोरी_युनिट

बावीस माणसांचं युनिट चालवतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. राग मानू नये.

आमच्या एका मुलानं मोबाइलवर ॲप घेतलं, फोन ग्राइंडरच्या बॉडीला टेकवला आणि ११२ दाखवले. त्याचा फोटो सगळ्यांकडे फिरला, दोन दिवस काम ठप्प. तिसऱ्या दिवशी बाहेरून मोजणी करून आणली तर ९४. ९४ सुद्धा चांगला आकडा नाही, हे मला मान्य आहे. पण त्या दोन दिवसांत कोणी ९४ वर बोलायला तयार नव्हतं.

मी मीटर घेतलं नाही, त्याच पैशांत मशीनवर काम केलं. कॉम्प्रेसर शेडच्या मागे वेगळ्या खोलीत नेला. प्रेसमधून सुटा माल लोखंडी पेटीत पडायचा, तिथे रबराची चादर लावली. हवेच्या गनचे उघडे पाइप काढून आवाज कमी करणारे नोझल बसवले. फरक कानाला कळतो. लहान युनिटवाल्यानं आधी हे करावं. मोजून मोजून आवाज कमी होत नाही.

हिंगणा_सेफ्टी

आधी कॅलिब्रेशन_बेंच यांना. सरासरीची चूक माझीच. तुमचं वाचल्यावर रजिस्टरमधली ओळ खोडली, शेजारी सही केली आणि ४ भागिले ३ चा हिशेब लिहिला. कॅलिब्रेटर नव्हता हेही खरं. आता मागवतो आहे. सी-पीक माझ्या मीटरवर नाही.

पण तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट, कॅलिब्रेटर, फोम, माइक कुठे धरायचा, वाचन किती वेळ घ्यायचं, ही शिकता येण्याजोगी आहे. आयटीआय झालेला मुलगा व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही बारीक मापं वापरतो, मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. तो हे शिकणार नाही असं कसं म्हणता? डिसेंबरचा मुलगा तर शिकलेलाच होता, त्याच्याकडे कॅलिब्रेटरही होता. रिपोर्टाला प्रमाणपत्राची प्रत जोडली होती. आणि उभा राहिला रस्त्यावर. ग्राइंडरवाला किती वेळ डिस्क लावतो, किती वेळ जॉब फिरवतो, हे शॉपमधल्या माणसाला ठाऊक असतं. बाहेरच्यानं ते विचारलंच नाही.

बुटीबोरी_युनिट, तुम्ही केलेली कामं खरोखर चांगली आहेत आणि आमच्याकडे त्यातलं एकही झालेलं नाही. तरी विचारतो, आवाज किती कमी झाला? सारख्या आवाजाच्या दोन मशीनपैकी एक बंद केली तर फक्त ३ डेसिबल उतरतात आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. तक्त्यात मात्र ३ डेसिबल म्हणजे तीन तासांचे दोन तास होणं किंवा दोनाचे तीन होणं. रबराच्या चादरीनं २ उतरले की ८, हे कान सांगणार नाही. पुढचा खर्च कुठे करायचा ते त्या आकड्यावरच ठरेल ना?

धंतोली_ईएनटी

माझ्याकडे ही माणसं येतात तेव्हा उशीर झालेला असतो. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. सुरुवातीला पेशंटला काहीच जाणवत नाही, कारण बोलण्याचा बराचसा भाग त्याहून खालच्या पट्टीत असतो. पुढे खड्डा रुंद होत जातो आणि वरच्या काकांनी लिहिलं तसं 'स', 'ट' हरवायला लागतात. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. श्रवणयंत्रानं आवाज मोठा होतो, स्पष्टता पूर्ण परत येत नाही.

आवाजामुळे येणारं बहिरेपण कायद्यानं कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत आहे. तपासणाऱ्या डॉक्टरवरही ती जबाबदारी आहे, हे माझ्या व्यवसायातल्यांनाही सांगायला हवं.

एका गोष्टीवर दोन्ही बाजूंशी मतभेद आहे. तुम्ही दोघं ९० ला सुरक्षित धरून बोलता आहात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची १९९८ ची शिफारस ८ तासांना ८५ ची आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबानं ९७ ला फक्त अर्धा तास. आपला तक्ता दर ५ डेसिबलला वेळ निम्मी करतो, म्हणून ३ तास देतो. त्या तेवीस वर्षांच्या मुलाला माझ्याकडे पाठवा, ऑडिओग्राम करून ठेवू. आजचा कागद असेल तर दोन वर्षांनी तुलना करता येईल.

आयटीआय_सेकंड_इयर

मीटर महाग वाटत असेल तर मोबाइल ॲप चालत नाही का? नायॉशनं स्वतःच ॲप काढलं आहे ना?

कॅलिब्रेशन_बेंच

काढलं आहे, २०१७ मध्ये, पण फक्त आयफोनसाठी. अँड्रॉइडचे फोन इतक्या तऱ्हेचे आहेत, प्रत्येकाचा माइक वेगळा, की एकच ॲप सगळीकडे सारखं मोजेल याची खात्री देता येत नाही. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला तो आधीच दबतो. आवाज जास्त आहे का याचा अंदाज घ्यायला वापर. रजिस्टरमध्ये लिहायला नको. आणि मशीनला तर कधीच टेकवू नको, मग हवेतला आवाज राहतो बाजूला आणि बॉडीची थरथर मोजली जाते.

हिंगणा_सेफ्टी, व्हर्नियरचा दाखला पूर्ण पटला नाही. व्हर्नियरनं मोजलेला जॉब उद्याही तोच असतो, परत मोजता येतो. आवाज निघून जातो, मागे राहतो तो तुमचा शब्द. पण जुन्या प्रेसवाल्या काकांचं वाचल्यापासून मी एका बाबतीत मत बदललं आहे. डाय काढून ठेवलेली प्रेस माझ्या बेंचवरून मला कधीच दिसली नसती. रोजची नोंद शॉपमधल्यांनीच ठेवावी, एवढं मी मान्य करतो. कायद्यासाठी लागणारा आकडा मात्र क्लास १ चं मीटर किंवा डोसिमीटर लावून, शिकलेल्या माणसानंच घ्यावा. तिथे मी हटणार नाही.

बुटीबोरी_युनिट

रोजची नोंद ठेवली आणि तीत ९० च्या वर आकडा आला, तर तो कागद तपासणीच्या वेळी माझ्याच विरोधात वापरला जाईल. याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

हिंगणा_सेफ्टी

कागद नसला तरी त्या माणसाचा कान जाणारच आहे दादा. उद्या भरपाईची केस उभी राहिली, तर आकडा आला, मग नोझल बदलले, मग आकडा उतरला, ही नोंद तुमच्याच कामाची आहे. तुम्ही इतकं काम केलंत आणि त्याचा एकही पुरावा तुमच्याकडे नाही, याचं मला वाईट वाटतं. माझं मीटर घेऊन या रविवारी तुमच्याकडे येतो, कॅलिब्रेटर तोवर आलेला असेल. कॉम्प्रेसरची खोली आणि रबराची पेटी, दोन्हीपाशी मोजू.

आमच्याकडे मंगळवारी दुसऱ्या शिफ्टला घेतो. आधी कोणाला सांगणार नाही. प्रेस चालू असतील तेव्हाच.

जुना_प्रेसवाला

मोठ्या प्रेसपाशी घेजा. डाव्या बाजूनं घेजा, ऑपरेटरचा डावा कान डायकडे राह्यते. माह्या तोच आधी गेला.

कॅलिब्रेशन_बेंच

काकांनी सांगितलं तिथेच माइक धरा, ऑपरेटरच्या कानापासून १० ते ४० सेंटिमीटरच्या आत, आणि तुम्ही स्वतः हात लांब करून बाजूला उभे राहा, मध्ये येऊ नका. सरासरी काढू नका, प्रत्येक वाचन वेळेसकट जसंच्या तसं इथे टाका. ग्राइंडरचे आकडे मी तपासून देईन. प्रेसचा आकडा सी-पीक नसलेल्या मीटरवर घेऊच नका. माझं मीटर मंगळवारी मोकळं आहे, पाचपर्यंत शॉपवर पोचतो.