४० किमी टीटी (टाइम ट्रायल, घड्याळाशी एकट्याची सायकल शर्यत), घरात साडेचार महिन्यांची मुलगी, आठवड्याला जेमतेम ४ तास. एंट्री ठेवू की सोडू?

टायरपुराण

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. जानेवारीत पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीचा प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीची छोटी टीटी, बघायला आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो, ही तेव्हा गरोदर, एकेक रायडर एकटा सुटतोय आणि समोरून निघून जातोय, तेव्हाच डोक्यात किडा वळवळला. पुढे मुलगी झाली. ती दीड महिन्याची असताना रात्री अडीच वाजता तिला खांद्यावर थोपटत होतो आणि मोकळ्या हाताने फोनवर टीटीची एंट्री भरून टाकली. त्या वेळी माणूस शुद्धीत नसतो हे आता कळतंय.

रूट सपाट आहे, २० जाऊन यू-टर्न आणि परत. पाच आठवडे राहिलेत. गेल्या वर्षी याच रस्त्यावर १:०६:४० लागले होते, साधी रोडबाइक, एरोबार (पुढे वाकून कोपरं टेकायचे दांडे) नाही, यंदा १:०५च्या आत यायचं असं ठरवलं होतं. तेव्हा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येते ती ताकद) २४८ वॉट होता, गेल्या रविवारी टेस्ट केली तर २२१. वजन ७५. रात्री सलग झोप तीन तास मिळाली तर दिवाळी. आई तीन महिने राहून साताऱ्याला परत गेली, सासूबाई शनिवार-रविवार येतात, बाकी आम्ही दोघंच.

बाहेर जायला मिळतच नाही, सगळं हॉलमध्ये ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर. आणि एक गंमत सांगतो, ट्रेनरचा आणि फॅनचा आवाज चालू असेल तर पोरगी छान झोपते. मी पेडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकाचं ते टर्रर्र सुरू होतं आणि ती दचकून उठते. त्यामुळे गेले दोन महिने मी एकदाही पाय थांबवलेले नाहीत, घाम पुसायचा तरी पेडल चालू :)

तर प्रश्न असा की एवढ्यावर जाऊन काही अर्थ आहे का? की यंदा सोडून द्यावं आणि पुढच्या वर्षी नीट करावं?

चहाकमीसाखर

फी परत मिळतेय का? नाही ना? मग जा की. पुढच्या वर्षी ती चालायला लागलेली असेल, तेव्हा हे ४ तास पण मिळणार नाहीत, लिहून घे.

पंक्चरकाका

अरे जा रे. पाय लगेच वाढणार नाहीत, पण वारा कमी करता येतो की. वेग १० टक्के वाढवायचा तर नुसत्या हवेशी भांडायला साधारण ३३ टक्के जास्त ताकद लागते, घनाचा हिशोब आहे तो. सपाट रस्त्यावर ३५च्या वर तुझी बहुतेक सगळी मेहनत हवेत जाते, आणि त्या हवेला अडतो कोण, तर मुख्यतः तू स्वतः. सायकलचा वाटा त्यात थोडाच. लोक लाखाची चाकं घेतात आणि वर बसतात छाती काढून, वरातीतल्या नवरदेवासारखे.

१:०५ म्हणजे ३७ला जरासं कमी. तुझ्या वजनाला हुडवर, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर, हात ठेवून बसलास तर २७० वॉटच्या आसपास लागतील, क्लिप-ऑन एरोबार लावून, कोपरं जवळ आणि डोकं खाली घेऊन नीट बसता आलं तर २३५ वगैरे. ढोबळ आकडे आहेत, माणसागणिक बदलतात, पण फरक बघ ना. पाच आठवड्यांत ३५ वॉट पायात कुठून आणणार तू, त्यातही झोपेशिवाय?

१९८९ची टूर द फ्रान्स आठवा. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस २४.५ किमीची टीटी, फ्रान्सचा फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे, केसांची शेपटी मोकळी सोडून आला. अमेरिकेचा लेमाँड एरोबार लावून वाकून आला आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी घेऊन गेला. आमच्या ग्रुपमध्ये त्यावर अजून भांडणं होतात, शेपटीमुळे की बारमुळे. मी बारवाला.

फक्त बार आत्ताच लाव, आदल्या दिवशी नको. ट्रेनरवर रोज २० मिनिटं त्याच पोझिशनमध्ये बसायची सवय कर, मान आणि मांडीचा मागचा भाग बोंब मारणार आहेत. आणि रहदारीत त्या बारवर जायचं नाही, ब्रेक हाताशी नसतो, कुत्रं आडवं आलं की संपलं.

घाटवेडी

काकांचं सगळं बरोबर आहे पण मला एक दिसतंय. एफटीपी किती, बाळाची झोप किती, सासूबाई कोणत्या वारी येतात, सगळं लिहिलंस, बायकोबद्दल एक शब्द, "गरोदर". ती किती झोपते? तू ट्रेनरवर असताना बाळ नुसतं आवाजाने झोपतं की ती शेजारी पडून थोपटत असते? टोमणा नाही मारत हं, म्हणजे थोडा मारतेय.

माझा मुलगा सात महिन्यांचा असताना मी टीटी केली. माझं सिझर झालेलं. आधी डॉक्टर, मग बायकांच्या फिजिओकडे ओटीपोटाचे व्यायाम, मग ट्रेनर, मग रस्ता, या क्रमाने आणि घाई न करता. एरो पोझिशनबद्दल जे कोणी सांगत नाही ते सांगते, अंगावर पाजत असाल तर दूध भरलेलं असताना त्या बारवर वाकणं म्हणजे शिक्षा आहे. मी आयोजकांना फोन करून सुरुवातीचा नंबर मागितला, त्यांनी दिला. सुटायच्या वीस मिनिटं आधी गाडीत बसून पाजलं, नवऱ्याच्या हातात दुपट्यासकट दिलं आणि रांगेत उभी राहिले. वॉर्मअप म्हणाल तर पार्किंगपासून स्टार्टपर्यंत. परत आले तर नवरा घामाघूम आणि मुलगा गाढ झोपलेला. माझी वेळ काही सांगण्यासारखी नव्हती पण तो सव्वा तास कोणी मला हात लावला नाही, हाक मारली नाही, ते सुख वेगळंच.

आणि आई झाल्यावर जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी, अमेरिकेची क्रिस्टिन आर्मस्ट्राँग २०१०मध्ये आई झाली, त्यानंतर २०१२ आणि २०१६ दोन्ही ऑलिंपिकची टीटी जिंकली, रिओला तर त्रेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. ती प्रोफेशनल, आपण नाही, मान्य. पण तुझ्या बायकोला दाखव.

नाइटशिफ्टवाला

जुळ्यांचा बाप बोलतोय, सरकून बसा.

४ तास पुरतात, फक्त ते सगळे दमवणारे नकोत. आठवड्यात एकदा २ वेळा २० मिनिटं, एफटीपीच्या थोडं खाली. एकदा ४-४ मिनिटांचे पाच, जोरात. सासूबाई असतील तेव्हा रविवारी दीड-दोन तास बाहेर. बाकी वेळ मिळाला तर झोप, खरंच झोप. रात्री चार तासांच्या आत झोप झाली असेल तर त्या दिवशी जोराचं काही करायचंच नाही. मी हट्टाने करायचो, वॉट तेवढेच पण जीव दुप्पट जायचा आणि आठवड्याभरात सर्दी. पोरांना लस दिली की ती रात्र गेलीच समजायची, ते बघूनच आठवडा आखा.

रेसच्या दिवशी एकच पाप सगळे करतात, पहिली पाच मिनिटं. महिन्यांनी एकटे घराबाहेर, पाय हलके, समोर मिनिटभर आधी सुटलेला दिसतोय, मीटरवर २६० दिसतात आणि वाटतं आज आपला दिवस. नाहीये. ठरलेल्या आकड्याच्या ५-१० वॉट खालीच सुरू करा, यू-टर्नपर्यंत कंटाळा आला पाहिजे. वारा समोरून असेल तिथे थोडं जास्त द्या, पाठीमागून असेल तिथे थोडं सोडा, कारण तिथे जोर लावून वेळ फारसा वाचत नाही. उन्हं वर आली की वारा सुटतो म्हणून ताईंसारखा लवकरचा नंबर मिळतो का बघा.

आणि एरोबारचे बोल्ट! मी रात्री अकराला अंधारात बसवले, पोरं उठतील म्हणून लाइट लावला नाही, हाताच्या अंदाजाने आवळले. नवव्या किलोमीटरला खड्डा आला आणि डावा बार खाली फिरला. उरलेले ३१ किमी एका कोपरावर टेकून, दुसऱ्या हाताने हँडल धरून गेलो, फोटोत गिटार वाजवतोय असं दिसतंय. टॉर्क रेंच आणा, बारवर आकडा लिहिलेला असतो तेवढंच आवळा, मग हाताने जोर देऊन हलतोय का बघा.

टायरपुराण

सगळ्यांना धन्यवाद. घाटवेडीताई, लागलं, आणि खरं आहे. पोरगी नुसत्या आवाजाने झोपते असं मी समजत होतो, काल विचारलं तर ही म्हणाली की निम्म्या वेळा मीच आतून पाळण्याची दोरी ओढत असते. मला हॉलमध्ये फॅनमुळे ऐकूच येत नव्हतं.

तर असं ठरलंय. एंट्री ठेवतोय. १:०५चं खूळ सोडलं, एरोबार मागवलेत, २१०-२१५ वॉट धरायचे आणि गेल्या वर्षीच्या जवळपास आलो तरी पेढे. ट्रेनर आठवड्यात दोनदाच, तोही पोरगी खरंच झोपल्यावर. त्या बदल्यात मंगळवार आणि गुरुवार रात्रीची ड्यूटी माझी, ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपणार. आणि रेसनंतर रविवार सकाळ तिची. मी म्हटलं झोपशील का, तर म्हणाली नाही, सायकल काढणार.

तिची ४८ साइजची रोडबाइक वर्षभर भिंतीला टांगलेली आहे. डॉक्टरांनी हलकं चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलंय. टायर बदलू की नुसती हवा भरून चालेल?

घाटवेडी

आधी हवा भर आणि रात्रभर ठेव. सकाळी बसलेली असेल तर ट्यूब बदल. टायरच्या कडेला बारीक भेगा दिसतायत का बघ, दिसल्या तर टायरही बदल, विचार करू नकोस. चेन पुसून तेल दे, ब्रेक पॅड बघ. सीट आहे तीच राहू दे पण आधी तिला ट्रेनरवर दहा मिनिटं बसवून बघ, बाळंतपणानंतर जुनी सीट टोचू शकते, मला टोचत होती. आणि हवा तिला नेहमी भरायची त्यापेक्षा जरा कमी.

बाकी पाळण्याची दोरी लांब कर, हॉलपर्यंत येईल एवढी. ती ट्रेनरवर असेल तेव्हा तुला लागेल.